दारातला संपादक

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात गोळ्या-चॉकलेटांचे एक दुकान होते. दुकानदार रशियातून आलेला, कष्टाळू गृहस्थ. दुकानात मासिकेही विकायला टांगलेली असत. पण आपल्या मुलाने त्यांना हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद! १९२९ साली एका नव्या मासिकाच्या नावातच 'सायन्स' हा शब्द आला. पोराने तेवढाच धागा पकडला. बापाला वाटले, शास्त्राचे दिसते, वाचू दे. हा मुलगा म्हणजे पुढे नावारूपाला आलेला विज्ञानकथाकार आयझॅक असिमॉव्ह.

या मासिकांची सुरुवात ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' काढून केली. कागद हलका, लवकर पिवळा पडणारा. किंमत पंचवीस सेंट. मुखपृष्ठ मात्र असे भडक, की ते वर्गात दिसले असते तर आम्हा मास्तर मंडळींनी जप्तच केले असते!

जून १९३८ मध्ये, अठरा वर्षांच्या असिमॉव्हने पहिली कथा लिहून पुरी केली. पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः जाऊन संपादकाला दे, असे सांगणारा पुन्हा तोच बाप! मुलगा भीत भीत 'अस्टाउंडिंग' मासिकाच्या कचेरीत गेला. संपादक जॉन कॅम्पबेल तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे. त्यांनी या अनोळखी पोराशी तासाहून अधिक वेळ गप्पा मारल्या. कथा त्यांनी परत पाठवली खरी, पण ती का जमली नाही हे पत्रात लिहून. पोरगा लिहीत राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याची दुसरी एक कथा 'अमेझिंग'ने चौसष्ट डॉलरांना घेतली.

पुढे या धंद्याला ओहोटी लागली. टेलिव्हिजन आले, स्वस्त पुस्तके आली. त्यातच, देशभर मासिके पोचवणाऱ्या अमेरिकन न्यूज कंपनीने १९५७ साली ते काम बंद केले आणि कितीतरी मासिके बुडाली. मासिक छापता येते हो, ते गावोगावच्या दुकानापर्यंत न्यायचे कोणी?

इंटरनेटने हा प्रश्न काहीसा सोडवला. २००६ साली निघालेले 'क्लार्क्सवर्ल्ड' घरबसल्या फुकट वाचता येते, आणि जगातल्या कुठल्याही गावाहून त्याला कथा पाठवता येते. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे अजबच झाले. संगणकाकडून कथा लिहवून घ्यायची आणि झटपट पैसे मिळवायचे, असे कोणी कोणी लोकांच्या मनात भरवले होते. त्या एका महिन्यात अशा पाचशे कथा येऊन थडकल्या! संपादक नील क्लार्क यांना कथा घेणेच थांबवावे लागले.

फी लावा, अमुक देशांतून येणाऱ्या कथा घेऊच नका, असे उपाय पुढे आले. क्लार्क यांनी ते मानले नाहीत. फी लावली असती तर भामटे थोडेफार कमी झाले असते. पण ज्याच्या खिशात पैसा नाही असा दूरदेशीचा नवा लेखकही बाहेरच राहिला असता. मला स्वतःला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण त्याची किंमत संपादकाला रोज मोजावी लागते. मार्चमध्ये त्यांनी कथा घेणे पुन्हा सुरू केले. यंत्राच्या कथा येतच राहिल्या, आणि त्यांतून माणसाची कथा निवडून काढायचे कामही वाढले.