वाचायची किल्ली वेगळी द्या

गॅरेजवाल्या मित्रांनो,

प्रथेप्रमाणे अध्यक्ष म्हणून मी वर्षाचा आढावा घ्यायला हवा. तो चिटणीसांनी छापून खुर्च्यांवर ठेवला आहे, जेवणानंतर वाचा. मला एकाच विषयावर बोलायचंय आणि बऱ्याच वर्षांनी माईक हाती आलाय.

इलेक्ट्रिक गाडीची माहिती कंपनीबाहेरच्या ॲपला द्यावी का, यावर सकाळी तावातावाने वाद झाला. एक बाजू म्हणते, गाडी हॅक होईल. दुसरी म्हणते, काही होत नाही हो. बॉनेट दोघांनीही उघडलेलं नाही.

माझ्याकडे एक गुरुजी सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेऊन आले. पंचवीस टक्के चार्ज शिल्लक असताना खंबाटकी घाटाच्या चढावर ती एकदम ढेपाळायची. सर्व्हिस सेंटरने "सिस्टिम ओके" लिहून परत पाठवलेलं. मी स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे तपासणीच्या सॉकेटला, माहिती वाचणारा डोंगल लावला, मोबाइलवर ॲप उघडलं आणि गुरुजींना म्हटलं, चालवा. सपाटीवर बॅटरीचे सगळे सेल एका रांगेत. चढ लागला, पाय दाबला, तसा एका सेलचा आकडा घसरत गेला. बाकीचे साडेतीन व्होल्टच्या आसपास, हा तीनच्या खाली. पाय उचलला की पुन्हा साळसूद! स्क्रीनशॉट पुढे ठेवल्यावर वॉरंटीत मॉड्यूल बदलून मिळालं. हे आकडे झाकून ठेवून कोणाची सुरक्षा होणार होती?

आता भीतीचं बघू. जानेवारी 2022मध्ये डेव्हिड कोलंबो या 19 वर्षांच्या जर्मन मुलाने जाहीर केलं की 13 देशांतल्या 25हून अधिक टेस्ला गाड्यांची दारं-खिडक्या तो घरबसल्या उघडू शकतो. टेस्लामेट नावाचं, गाडीच्या नोंदी ठेवणारं मोफत सॉफ्टवेअर काही मालकांनी स्वतःच्या सर्व्हरवर चढवून इंटरनेटवर उघडं टाकलं होतं आणि गाडीची डिजिटल किल्ली त्यातच पडलेली होती. खरी मेख पुढेच आहे. मालकांना फक्त चार्जिंगचे आलेख हवे होते, पण मिळणारी किल्ली दारही उघडत होती. फक्त माहिती वाचायची वेगळी किल्ली तेव्हा नव्हतीच. माहिती आणि हुकूम यांचे परवाने टेस्लाने 2023मध्ये वेगवेगळे केले. म्हणजे करता येतं!

कंपनीचंच ॲप सुरक्षित, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. 2016मध्ये निसान लीफच्या अधिकृत ॲपमधून नुसत्या चासी नंबरवर कुणाच्याही गाडीचा एसी चालू करता येत होता. ते ॲप बंद ठेवावं लागलं. 2024च्या डिसेंबरात फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे 8 लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती क्लाउडवर उघडी सापडली, त्यातल्या साडेचार लाखांहून अधिक गाड्या कुठे उभ्या राहतात त्या नेमक्या ठिकाणासह. तिथे बाहेरचं ॲप कुठे होतं?

युरोपात 12 सप्टेंबर 2025पासून कायदाच लागू झालाय, आपल्या गाडीची माहिती मालक सांगेल त्या गॅरेजला द्यावी लागते. आपल्याकडे 2019च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात आपली माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. 2023च्या कायद्यात तो गळला. आपण हूं की चूं केलं नाही.

तेव्हा संघटनेने सरकारकडे वाचायच्या वेगळ्या किल्लीची मागणी करावी. निवेदन तयार करू, समिती नेमू, कोण कोण त्यात हे पुढच्या बैठकीत ठरवू.

पण ओरडण्याआधी आपलं घर बघा. गिऱ्हाइकाच्या ॲपचा पासवर्ड घेऊन तो गॅरेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणारे या सभागृहात बसलेत. नावं घेत नाही. आणि स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल, पिन तोच 1234, महिनोन् महिने गाडीत लावून ठेवणारेही आहेत. उद्या कंपन्या तुमच्याकडेच बोट दाखवून म्हणतील, बघा, यांच्या हाती माहिती द्यायची का?

म्हणून जेवायला उठण्याआधी फोन काढा. ग्रुपवरचे पासवर्ड पुसा, गिऱ्हाइकांना फोन करून ते बदलायला लावा. आणि डोंगल काम झालं की काढायचा. कायम.