संगणकाच्या गाभ्यांतील अडगळ



माळा आवरावयास काढला म्हणजे बहुतेक घरांतून एक वाद ठरलेला असतो. एकजण म्हणतो, "ही वस्तु दहा वर्षांत कोणीं हातीं धरलेली नाहीं, टाकून द्या." दुसरा म्हणतो, "राहूं द्या पडून. ती कांहीं खायला मागत नाहीं." आज ज्या आवराआवरीची हकीकत मी आपणांस सांगणार आहें, ती माळ्यावरची नसून संगणकाच्या अगदीं अंतर्भागांतील आहे. वाद मात्र हाच. माझें म्हणणें इतकेंच कीं, तेथील अडगळ खायला मागते, आणि रोज मागते.

प्रथम या अंतर्भागाची थोडी ओळख करून घेऊं. संगणकावर आपण पत्र लिहितों, हिशेब ठेवतों, चित्रें पाहतों. परंतु हीं कामें करणारे प्रोग्रॅम यंत्राला स्वतः हात लावीत नाहींत. मेमरी कोणास किती द्यावयाची, कोणाची पाळी केव्हां, हें सर्व ठरविणारा एक मुख्य कारभारी असतो. त्याला कर्नल म्हणतात. लिनक्स नांवाचा कर्नल फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहावयास घेतला. पहिल्या आवृत्तींत सुमारें १०,००० ओळी होत्या. आज त्या ३ कोटींहून अधिक आहेत. आपल्या खिशांत अँड्रॉइडचा फोन असेल तर हा कारभारी या क्षणींहि आपल्याजवळ आहे.

आतां 'मेमरी हॉटप्लग' म्हणजे काय तें सांगतों. एरव्हीं संगणकाची मेमरी वाढवावयाची तर तो बंद करावा लागतो. पण जीं यंत्रें अहोरात्र चालू ठेवावीं लागतात, त्यांना ही चैन परवडत नाहीं. म्हणून चालत्या यंत्रांत मेमरी भरण्याची व काढण्याची सोय असावी, ही गरज पुढें आली. आणि २००५ सालापासून लिनक्समध्यें तशी सोय होऊं लागली. पुढें एकाच यंत्राच्या पोटांत अनेक आभासी यंत्रें चालविण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हां तर तिचें महत्त्व फारच वाढलें. कारण आभासी यंत्राला मेमरी देणें म्हणजे खिडकींतून हात घालून पट्टी बसविणें नव्हे, एक आज्ञा देणें पुरतें.

हें काम दोन टप्प्यांत होतें. पहिल्या टप्प्यांत कारभाऱ्याला नव्या मेमरीची वर्दी मिळते आणि तो तिची नोंदवही तयार करतो. मेमरीचीं ४,०९६ बाइटांचीं पानें पाडलेलीं असतात आणि प्रत्येक पानाची एक नोंद असते. आजच्या सामान्य ६४-बिटी यंत्रांत १२८ मेगाबाइटांचा एक तुकडा धरला तर त्याचीं ३२,७६८ पानें होतात, आणि प्रत्येक नोंदीला ६४ बाइट धरले तर नुसत्या वहीलाच २ मेगाबाइट जागा लागते. दुसऱ्या टप्प्यांत ती मेमरी प्रत्यक्ष वापरास खुली होते. त्या वेळीं एक महत्त्वाचा निर्णय घ्यावा लागतो: हीं पानें कोणत्या विभागांत घालावयाचीं? कांहीं विभाग कर्नलच्या स्वतःच्या कामाचे असतात. एका विभागांत मात्र हलवितां येईल असाच मजकूर ठेवतात, म्हणजे पुढें ती मेमरी काढून घ्यावयाची झाल्यास तिच्यांतील बिऱ्हाडें दुसरीकडे नेतां यावींत.

येथवर सर्व ठीक होतें. अडचण होती ती जुन्या ३२-बिटी यंत्रांची. ३२ बिटांत फार तर ४ गिगाबाइटांपर्यंतचे पत्ते लिहितां येतात. इंटेलच्या घराण्यांतील अशा यंत्रांवर लिनक्सच्या नेहमींच्या मांडणींत त्यांतील ३ गिगाबाइट प्रोग्रॅमांकडे व १ कर्नलकडे असे. आणि त्या एकांतूनहि सुमारें ८९६ मेगाबाइट मेमरीच कर्नलला सरळ हातीं लागे. त्यापलीकडील मेमरीला 'हायमेम' असें नांव होतें. ती वापरावयाची झाल्यास प्रत्येक वेळीं तात्पुरती शिडी लावून चढावें लागे. जिना नसलेली वरच्या मजल्यावरची खोलीच म्हणा ना!

आतां कल्पना करा कीं, वाड्याच्या कारभाऱ्यानें ही बिनजिन्याची खोली वहींत सोप्यालगतची म्हणून लिहिली. रात्रीं तो सवयीनें दार उघडून पाऊल टाकील तें कोठें पडेल? नेमका हाच प्रकार झाला होता. चालत्या ३२-बिटी यंत्रांत मेमरी घातली असतां, जी हायमेममध्यें जावयास पाहिजे ती भलत्याच विभागांत, कांहीं प्रसंगीं तर कर्नलच्या स्वतःच्या विभागांत, नोंदली जाणें शक्य होतें. अशा पानाचा सरळ पत्ता मुळांतच नाहीं. कर्नल मात्र तो आहे असें समजून चालणार. मग यंत्र बंद पडलें तर तें दैव बरें म्हणावयाचें. न बोलतां दुसऱ्याच्या जागेंत लिहिलें गेलें तर त्याहून वाईट. विशेष हें कीं, २०१७ सालीं या भागाची पुनर्रचना झाली, निदान तेव्हांपासून हा दोष तेथें असावा, असें तो सांभाळणाऱ्यांचें अनुमान होतें. जी सोय वर्षानुवर्षें मोडलेली असून बोभाटा होत नाहीं, तिचे वापरणारे किती असतील, हें आपणच ठरवा.

येथें मघांचा वाद उभा राहतो. कोणी म्हणेल, दोष आहे तर दुरुस्त करा, टाकतां कशाला? हा आक्षेप हलका नाहीं. जगाच्या कोणत्या कोपऱ्यांत कोणाचें काम कोणत्या ओळीवर अवलंबून असेल, हें कोणालाहि पूर्णपणें ठाऊक नसतें. आणि चालतें काम मोडूं नये, हा तर लिनक्सच्या मंडळींचा जुना दंडक आहे. परंतु दुरुस्ती म्हणजे एकदां केलेली डागडुजी नव्हे. शेजारचा प्रत्येक बदल करतांना हायमेमचें काय होईल, हा प्रश्न पुन्हां विचारावा लागतो. ज्या यंत्रावर कोणी तपासून पाहणार नाहीं, त्याच्यासाठीं लिहिलेली ओळ वाचणाऱ्याचा वेळ मात्र रोज घेते. अडगळ खायला मागते ती अशी. शिवाय ३२-बिटी यंत्रांत चालतांचालतां मेमरी घालण्याचें शहाणपणाचें प्रयोजन आतां जवळजवळ उरलेलें नव्हतें.

म्हणून मंडळींनीं घाई केली नाहीं. २०२० सालीं प्रथम त्या सोयीवर 'मोडलेली' अशी खूण करून ती ३२-बिटी यंत्रांपुरती बंद ठेवली. कोड जागच्या जागीं राहूं दिला. पुढें २०२१ सालीं डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनीं क्रमवार लहान लहान बदल सुचविले, आणि ते जानेवारी २०२२ मधील ५.१६ या आवृत्तींत आले. हॉटप्लगची सोय ६४-बिटी यंत्रांपुरतीच ठरली. मग त्या निर्णयामुळें जें जें निरर्थक झालें, तें तें निघालें. मेमरीचा बदल इतर भागांना कळविण्याच्या चिठींत हायमेमसाठीं एक रकाना असे. तो आतां कायमचा रिकामा राहणार, म्हणून काढला. एकाच गोष्टीला मांडणींत दोन नांवें होतीं, त्यांतील एक गेलें. ज्यांच्यामागें काम उरलें नव्हतें, अशा घोषणा पुसल्या.

हा क्रम मला फार उद्बोधक वाटतो. आधीं शंका, मग कारण लिहून ठेवणें, मग दार बंद करून वाट पाहणें, आणि शेवटीं भिंत उतरविणें. आणि उतरविलेली भिंतहि नाहींशी होत नाहीं. टोरवाल्ड्‌स यांनींच २००५ सालीं तयार केलेल्या 'गिट' नांवाच्या दप्तरांत प्रत्येक ओळ केव्हां आली, कोणीं आणली आणि कां काढली, हें नोंदलेलें राहतें. उद्यां कोणास खरोखरच गरज पडली तर कागद जागेवर आहेत. ही खात्री असल्यामुळेंच काढणाऱ्याचा हात निर्भय राहतो.

नवें कांहीं उभारणाऱ्याचें नांव होतें. अनावश्यक तें उतरविणाऱ्याचें क्वचितच होतें. परंतु मोडलेली सोय मांडून ठेवणें म्हणजे, जें आपण देऊं शकत नाहीं त्याचें वचन देत राहणें होय. "ही सोय येथें नाहीं," असें स्पष्ट सांगणारा कारभारी त्या वचनापेक्षां पुष्कळ बरा. कारण त्याच्या शब्दावर विसंबून अंधारांत पाऊल टाकणारा माणूस पडत नाहीं. पुढच्या खेपेस आपण माळ्यावर चढाल, तेव्हां एखादी वस्तु टाकण्यापूर्वीं ती कां ठेवली होती हें जरूर विचारा. पण उत्तर मिळाल्यावर, आणि तें आतां लागू नाहीं असें दिसल्यावर, हात मागें घेऊं नका.