महामारी आणि रुग्णसेवेचे विद्यार्थी
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



९ मार्च २०२० रोजी राज्यातील कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात आढळले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. पुढे लेण्याद्री, अवसरी येथेही कोविड केंद्रे उभी राहिली. तेथील डॉक्टर व परिचारिकांचा आपण यथोचित गौरव केला. परंतु जी मुले-मुली त्या वेळी या सेवेचे शिक्षण घेत होती, त्यांच्याकडे समाजाचे लक्ष फारसे गेले नाही. त्यांच्याविषयी दोन शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

रुग्णसेवा ही केवळ ग्रंथातून येणारी विद्या नव्हे. शीर कशी शोधावी, जखम कशी बांधावी, घाबरलेल्याला धीर कसा द्यावा, हे रुग्णाच्या खाटेशी उभे राहूनच शिकावे लागते. टाळेबंदीत वसतिगृहे रिकामी झाली आणि शिक्षण भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरी गावांत, जेथे संपर्कच बेभरवशाचा, तेथील विद्यार्थ्यांना तेवढाही लाभ पुरता मिळणे कठीण होते.

दुसऱ्या लाटेत चित्र उलटले. ३ मे २०२१ रोजी केंद्र शासनाने अंतिम वर्षाच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना, अध्यापकांच्या देखरेखीखाली, सौम्य रुग्णांवर लक्ष ठेवण्याच्या व दूरध्वनीवरून सल्ला देण्याच्या कामी घेण्यास अनुमती दिली. म्हणजे ज्यांचा सराव खंडित झाला होता, त्यांच्याच खांद्यावर जबाबदारी आली. १८ एप्रिलला होणारी पदव्युत्तर प्रवेश परीक्षा ११ सप्टेंबरला झाली आणि प्रवेशफेरी जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाली. नव्या निवासी डॉक्टरांची तुकडी वेळेवर न आल्याने आधीच्यांवर दुप्पट भार पडला. लांबलेल्या प्रत्येक महिन्याचा खर्च पालकांनी सोसला, तो वेगळाच.

आईवडिलांची भीतीही निराधार नव्हती. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च रोजी देह ठेवला. सेवा करणाराही आजारी पडतो, हा इतिहास आपल्याच जिल्ह्याचा आहे. तरीही ही मुले-मुली मागे फिरली नाहीत, हे विशेष.

बंधू-भगिनींनो, आपल्या परंपरेत वैयावृत्त्याला आभ्यंतर तपाचे स्थान आहे. मग हे तप शिकू पाहणाऱ्यांच्या पाठीशी आपण उभे राहावयास नको काय? शिष्यवृत्ती देताना केवळ गुणपत्रिका पाहू नये; परीक्षा लांबल्यास निवास-भोजनाचा खर्चही उचलावा. परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलीला 'हे काम कशाला?' असे विचारू नये. आणि नवशिक्या हाताला सुई टोचताना एखादा क्षण अधिक लागला, तर तेवढा धीर आपण धरावा. त्या हाताचा सराव कोणत्या काळात बुडाला, हे आपण जाणतो.