मक्याच्या माहेरी काय घडलं?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपली पिकं कापूस आणि ज्वारी. तरी आज आम्ही मेक्सिकोच्या मक्याची हकीकत सांगणार आहोत, कारण ती ऐकताना आपल्याला आपलंच शेत दिसेल.

मक्याचं माहेर मेक्सिको. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी तेओसिंते नावाच्या रानगवतातून हे पीक घडवलं. पांढरा, पिवळा, निळा, तांबडा, अशी मक्याची पन्नासावर देशी कुळं तिथे आहेत. डोंगरउतारावरचा कोरडवाहू शेतकरी मक्यात घेवडा आणि भोपळा लावतो, आपण कपाशीत तूर लावतो तसा. चांगली कणसं निवडून बियाणं घरीच राखतो.

१ जानेवारी १९९४ ला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा नाफ्टा करार लागू झाला. मक्याला १५ वर्षांची मुदत होती. पहिल्या वर्षी २५ लाख टन बिनजकात यायचा, त्याच्या वरच्या मालावर जबर जकात, आणि ती उतरत २००८ साली शून्य. कागदावर संरक्षण होतं. पण वरच्या मालाची जकात मेक्सिकोच्या सरकारने बहुतेक वसूलच केली नाही. शहराला स्वस्त मका हवा होता ना! १९९९ साली कोनासुपो ही सरकारी खरेदी यंत्रणाही मोडली. आपली १९७२ ची एकाधिकार कापूस खरेदी आठवा, म्हणजे यंत्रणा मोडणं काय असतं ते कळेल.

समोर होता अमेरिकेच्या तिजोरीतून अनुदान घेणारा मका. भाव पडले. देशाचं उत्पादन घटलं नाही हे खरं. सिनालोआच्या बागायतीत ते वाढलंच. कोरडवाहूवाल्याच्या घरची पोरं मात्र मजुरीसाठी सीमेपलीकडे गेली. आणि खाणाऱ्याचं भलं झालं म्हणावं, तर जानेवारी २००७ मध्ये मक्याची भाकरी महागली म्हणून राजधानीत मोर्चे निघाले.

आता बियाण्याचं. १९९८ पासून मेक्सिकोत जनुक बदललेल्या मक्याच्या पेरणीला बंदी होती, पण खाण्याचा दाणा बोटीतून येतच होता. दाणा म्हणजेच बी. कोणी तो पेरला, की तुऱ्याचा पराग वाऱ्याने शेजारच्या कणसावर जातो. २००१ साली ओआहाका प्रांतातल्या देशी मक्यात बदललेली जनुकं सापडल्याचं प्रसिद्ध झालं. शास्त्रज्ञांत वाद पेटला. २००५ च्या तपासणीत काही आढळलं नाही, २००९ च्या तपासणीत पुन्हा आढळलं. २०१३ साली न्यायालयाने पेरणीचे परवाने थांबवले. खाण्याच्या मक्यावरचे निर्बंध डिसेंबर २०२४ मध्ये व्यापार लवादापुढे हरले; पण मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोने पेरणीची बंदी थेट राज्यघटनेत घातली.

भावांनो, आम्ही तंत्रज्ञानाचे वैरी नाही. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, हे आपण पाहिलं. पण ते वाण संकरित, म्हणून दर हंगामात पाकीट विकत. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली, तेव्हा दुसरं बियाणं मागायला दुकानात गेलो, तर पर्याय कुठे होता? आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कपाशी शेतात उभी असताना कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं गेलं. पेरताना एक भाव, वेचताना दुसरा!

म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. आयातशुल्क पेरणीआधी जाहीर व्हावं आणि हंगामभर बदलू नये. कृषी विद्यापीठांनी कपाशीच्या सरळ वाणांचं बियाणं मृगाआधी गावात पोचवावं. आणि तिसरी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, आपणच करायची: प्रत्येक गावात दहा घरांनी ज्वारीची निवडक कणसं बियाण्यासाठी राखावीत. ज्वारीत परपराग कमी, बी शुद्ध राहणं सोपं. घरचं बियाणं राखण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने आपल्याला दिलेला आहे. तो वापरला नाही, तर कागदावरच राहील.

येत्या खळ्यापासून सुरुवात करू. जय बळीराजा!