काशीतील ज्योतिषी आणि इंग्रजी शब्द

इंग्रजीत प्रौढ लेखन करावयाचे तर कठीण शब्दांची यादी करून रोज वीस-पंचवीस शब्द पाठ करावेत, अशी अनेक विद्यार्थ्यांची समजूत असते. परीक्षेपुरते ते शब्द जिभेवर राहतात. प्रत्यक्ष लिहावयास बसले म्हणजे मात्र एकही हाकेला ओ देत नाही. असे का व्हावे, याचा उलगडा काशीतील एका महाराष्ट्रीय पंडिताच्या कार्यातून होतो.

बापूदेव शास्त्री १८४२ साली काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. त्यांनी केलेला सूर्यसिद्धान्ताचा इंग्रजी अनुवाद १८६१ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथात मोघम शब्द चालत नाही. ‘मंदोच्च’ म्हणजे ‘अपोजी’, ‘पात’ म्हणजे ‘नोड’, ‘लंबन’ म्हणजे ‘पॅरॅलॅक्स’. यांपैकी एकाची गल्लत झाली, तर ग्रहणाचे सारे गणितच वाचकाच्या मनात चुकावयाचे. परंतु शास्त्रीबुवांना त्या शब्दांमागील वस्तू आधीच ठाऊक होती. शब्द केवळ तिचे दुसरे नाव होते.

शब्दाचे मूळ जाणल्यानेही असाच लाभ होतो. ‘अपोजी’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पृथ्वीपासून दूर असलेला. त्यातील पृथ्वीवाचक अंश ‘जिऑग्रफी’, ‘जिऑलॉजी’ आणि ‘जिऑमेट्री’ या शब्दांतही आहे. एक मूळ ओळखले की सारे कुटुंब परिचयाचे होते. आपला ‘केंद्र’ आणि इंग्रजांचा ‘सेंटर’ हे तर एकाच ग्रीक शब्दाचे वंशज.

उलट, वस्तू सोडून केवळ अक्षरे धरली म्हणजे काय होते, हे ‘साइन’ या शब्दाने दाखविले आहे. संस्कृतातील ‘जीवा’ अरबांनी स्वरचिन्हांवाचून लिहिली. पुढे त्याच अक्षरांचा ‘वक्ष’ या अर्थाचा शब्द वाचला गेला आणि लॅटिनमध्ये त्याचे ‘सायनस’ झाले. धनुष्याच्या दोरीचा असा वक्ष झाला! गणित तरले, कारण गणित्यांना वस्तू ठाऊक होती. सामान्य लेखकाला असा आधार नसतो.

म्हणून ज्याला शब्दसंपत्ती वाढवावयाची आहे, त्याने आपल्या आवडीच्या एका विषयावरील इंग्रजी ग्रंथ नेमाने वाचावेत, नवा शब्द वाक्यासह टिपावा, त्याचे मूळ पाहावे आणि चार दिवसांच्या आत तो स्वतःच्या लेखनात योजावा. पाठ केलेला शब्द पाहुण्यासारखा येतो आणि जातो. कामाला लावलेला शब्द घरचा होतो.