पेशीची साक्ष



शिक्षकाच्या स्मरणार्थ योजलेल्या व्याख्यानात एखादा प्रश्न उलगडून पाहावा, हीच खरी आदरांजली असे मी मानतो. आजचा प्रश्न असा : विषाणू पेशीच्या आत दडून बसला, तर बाहेर संचार करणाऱ्या टी-पेशींना तो कळतो कसा?

पेशीच आपल्या अंतरंगाची साक्ष बाहेर मांडते, हे त्याचे उत्तर. पेशीतील प्रथिनांचे प्रोटिएझोम ही यंत्रणा तुकडे करते. ‘टॅप’ नावाचा वाहक ते आंतर्द्रव्यजालिकेत नेतो. तेथे एम.एच.सी. रेणू रिकामी खोबण घेऊन थांबलेले असतात. टॅपासिन हे प्रथिन त्यांना टॅपपाशी धरून ठेवते आणि सैल बसणारे तुकडे गळून घट्ट बसणारा टिकावा, यास साहाय्य करते. बहुधा आठ ते दहा अमिनो आम्लांचा असा तुकडा पक्का बसला, की ती जोडी पृष्ठभागावर येते. तुकडा स्वकीय असेल तर टी-पेशी सहसा पुढे जाते. विषाणूचा असेल तर त्या पेशीचा नाश करते. बाहेरून गिळलेल्या जंतूंचे तुकडे मात्र दुसऱ्या वर्गाच्या एम.एच.सी. रेणूंवर, वेगळ्या मार्गाने चढतात.

या ज्ञानाचा पाया कॅनबेरा येथे घातला गेला. उंदराच्या मारक टी-पेशी त्याच विषाणूने ग्रासलेल्या, पण भिन्न एम.एच.सी. असलेल्या पेशींना मारीत नाहीत, असे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी 1974 मध्ये दाखविले. म्हणजे टी-पेशी परके ओळखते ते स्वकीयाच्या चौकटीतच! या शोधास 1996 चे नोबेल पारितोषिक लाभले. खोबणीचे प्रत्यक्ष रूप 1987 मध्ये पामेला ब्यॉर्कमन, डॉन वायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उघड केले.

माणसातील या रेणूंना एच.एल.ए. म्हणतात. त्यांचे हजारो प्रकार आहेत आणि प्रत्येकाची खोबण वेगळे तुकडे पसंत करते. त्यामुळे एकाच विषाणूला साऱ्या समाजाच्या नजरेतून निसटणे कठीण जाते. परंतु समाजाला तारणारी हीच विविधता रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या रुग्णाची वाट अडवते. मूलपेशींचे रोपण करायचे तर एच.एल.ए. जुळावे लागते, सख्ख्या भावंडाशी ते पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. इतरांपैकी अनेकांना परका, अनोळखी दाता शोधावा लागतो, आणि तो बहुधा समान वंशपरंपरेच्या लोकांत सापडतो.

म्हणून येथील निरोगी तरुणांना माझी विनंती आहे, की त्यांनी मूलपेशीदात्यांच्या नोंदवहीत आपले नाव घालावे. तपासणीसाठी गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा पुरतो. विद्येचे ऋण फेडण्याचा हाही एक मार्ग आहे.