शाळेनें भट्टीवर यावें

(जव्हार-मोखाड्याच्या मंडळींपुढें केलेलें भाषण)



शहरांत फुटपाथावर निजलेलें पोर दिसलें कीं दात्याचा हात खिशाकडे जातो. आमच्या जव्हार-मोखाड्याचें पोर तितकेंच उघड्यावर असतें, पण तें भट्टीच्या धुरांत. म्हणून कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीं. भात झोडून झालें, दिवाळी उरकली, कीं वारली, कातकरी, ठाकूर ह्यांचीं बिऱ्हाडें भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात. उचल अगोदरच घेऊन खाल्लेली असते. आईबाप चिखल तुडवितात, विटा थापतात. थोरलें पोर धाकट्याला काखेस मारून विटा उलथतें. गांवच्या हजेरीपटावर मात्र त्याचें नांव शाबूत! पावसाच्या तोंडावर पोर परत येतें, तोंवर शिकलेलीं अक्षरें पुसून गेलेलीं असतात.

मग म्हणतात, आदिवाशांना शिक्षणाची गोडी नाहीं. ज्याचें बिऱ्हाड पाठीवर, त्यानें दप्तर कोठें अडकवावें?

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निक्षून सांगितलें कीं तिजोरी रयतेच्या घामानें भरते, तेव्हां रयतेच्या मुलांना बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचें करा. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीरांत तसा हुकूम काढला. साऱ्या देशासाठीं कायदा व्हावयास मात्र २००९ साल उजाडलें!

परोपकारी मंडळींनीं काय करावें, हें आमच्याच जिल्ह्यांत दिसून आलें आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डीस काम मांडलें, पुढें तें कोसबाडला नेलें. पोरें शाळेंत येईनात तेव्हां बालवाडी पाड्यावरच्या अंगणांत भरविली. गुराख्यांसाठीं कुरणशाळा काढली. गुरें चरतात तेथेंच फळा! १९९० नंतर विधायक संसदेनें वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या. कच्च्या विटा रचून वर पेंढा टाकला कीं मजुराचा भोंगा होतो. तशाच भोंग्यांत मुलें शिकलीं.

एक वही, खाऊची पुडी आणि फोटो, असलें दान आम्हांस नको. शिवाय देणगी आटली कीं संस्थेची शाळा मिटते. पण सरकारी पटावर चढलेलें नांव हक्कानें भांडूं शकतें. दाखला यावयास उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश नाकारतां येत नाहीं, असें त्या कायद्याचें पांचवें कलम सांगतें. भट्टीजवळच्या हेडमास्तरापुढें तें वाचून दाखविणारा एक धीट माणूस संस्थेनें दिला, तर तें दहा पोतीं धान्याहून मोठें दान आम्ही समजूं.

पोर आजीजवळ ठेवून जातां यावें म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण बिऱ्हाड ट्रकांत चढल्यावर उघडलेलें वसतिगृह कोणाच्या कामाचें? म्हणून नवरात्रांतच पाड्यापाड्यावर बसून यादी करा: कोणाचें पोर, कितवी इयत्ता, कोणती भट्टी, मुकादम कोण. एक प्रत मास्तरांस, एक संस्थेस द्या, आणि तिसरी आईच्या गांठोड्यांत बांधा.